मुखवटा, मृत्यू आणि मंडळी : गॅबनमधील अडुमा लोकांच्या मुखवट्यांविषयी

आफ्रिकेतील लाकडी मुखवट्यांची चित्रे आपल्यापैकी अनेकांनी मिशनकार्याच्या इतिहासात किंवा एखाद्या सचित्र ग्रंथात पाहिली असतील. असे चित्र धर्मशिक्षणाच्या वर्गात दाखवले की, 'हा त्यांचा देव काय?' असा प्रश्न बहुधा पहिल्यानेच येतो. 'नाही' एवढे उत्तर खरे आहे. पण तेवढ्यावर थांबल्यास शिकवणाऱ्याचे काम अपुरे राहते. मुखवटा देव नसेल तर तो काय आहे, त्याच्यावाचून गावाचे काय अडत होते, आणि तो टाकून देण्यास सांगणाऱ्या मंडळीने त्याच्या जागी काय दिले, हे पुढील प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात मध्य आफ्रिकेतील गॅबन देशातील अडुमा लोकांच्या मुखवट्याचे उदाहरण घेऊन या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

नदी आणि लोक

गॅबन हा विषुववृत्तावर वसलेला, दाट अरण्याचा देश आहे. सुमारे १,२०० किलोमीटर लांबीची ओगोवे नदी या देशातून वाहत जाऊन अटलांटिक महासागरास मिळते. नदीच्या वरच्या खोऱ्यात, आज लास्तुर्व्हिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावाच्या आसपास, अडुमा लोकांची जुनी वस्ती आहे. संख्येने हा समाज लहान; परंतु नावाडी म्हणून त्याची ख्याती मोठी होती. झाडाच्या एकाच खोडात कोरलेल्या लांब होड्या खडकाळ धावत्या पाण्यातून खाली नेणे आणि पुन्हा वर आणणे हे त्यांचे कौशल्य होते. इ. स. १८७५ ते १८७८ च्या पहिल्या मोहिमेत फ्रेंच सेवेतील संशोधक प्येर साव्होर्न्यां द ब्राझा या खोऱ्यात शिरला. पुढील काळात फ्रेंचांची ये-जा मोठ्या प्रमाणावर अडुमा वल्हेकऱ्यांच्या बळावर चालली. याच नदीमार्गाने गुलामांचाही व्यापार होत असे आणि त्या व्यापारात अडुमा मध्यस्थांचा हात होता, हेही नमूद केले पाहिजे. आपण ज्या समाजाविषयी बोलत आहोत तो निष्पाप अरण्यवासीयांचा नव्हे, तसाच केवळ अंधारात चाचपडणाऱ्यांचाही नव्हे. आपल्यासारखाच पापपुण्याच्या मिश्रणाने घडलेला तो मानवसमाज आहे.

म्वुदी मुखवट्याचे रूप

अडुमांच्या मुखवट्यास 'म्वुदी' असे म्हणतात. तो लाकडाचा असून त्याचा चेहरा बराचसा सपाट असतो. कपाळ उंच, घुमटासारखे पुढे आलेले. त्याच्या कडेखाली चेहऱ्याचा भाग एकदम आत गेलेला. मधोमध अरुंद, त्रिकोणी नाक. डोळ्यांच्या जागी लहान फटी. चेहऱ्याचे भाग पाडून ते पांढऱ्या, तांबड्या व काळ्या रंगांनी भरलेले असतात. एखाद्या विशिष्ट माणसाचे साम्य त्यात साधलेले नसते. हसणे, रडणे, क्रोध यांपैकी कोणताही भाव त्यावर ठळकपणे दिसत नाही.

या रंगांकडे केवळ शोभा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. पांढरा रंग आपल्या शाडूसारख्या पांढऱ्या मातीचा असतो. गॅबनच्या मोठ्या भागात हा रंग मृतांचा, पूर्वजांचा आणि अदृश्य जगाचा मानला जातो. तांबडा रंग तांबड्या लाकडाच्या भुकटीपासून मिळतो. रक्त, जन्म आणि जीवन यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. काळा रंग कोळशाचा. पांढऱ्या चेहऱ्याची आकृती गावात आली की परलोकातून कोणीतरी आपल्या भेटीस आले आहे, हे पाहणाऱ्यास न सांगता समजते. दक्षिणेकडील पुनू लोकांचा पांढरा मुखवटा उंच काठ्यांवर चालणारा नर्तक धारण करतो, तेथेही हाच संकेत आहे.

संग्रहालयात भिंतीवर टांगलेला मुखवटा पाहून आपली एक चूक होते. लाकडी चेहरा म्हणजेच मुखवटा, असे आपण समजतो. गावाच्या दृष्टीने मात्र चेहरा, अंग झाकणारा पेहराव, ढोल, गीत, नृत्य आणि भोवती जमलेले लोक मिळून मुखवटा पूर्ण होतो. आत कोण आहे हे स्त्रियांनी व दीक्षा न झालेल्या मुलांनी जाणू नये, असा नियम असतो. प्रत्यक्षात चालण्याच्या ढबीवरून पुष्कळांना ते ओळखू येते. परंतु कोणी नाव उच्चारीत नाही. मराठीत आपण 'सोंग आणणे' असे म्हणतो तेव्हा त्यात फसवणुकीची छटा असते. येथे तशी फसवणूक अभिप्रेत नाही. अमुक घरचा अमुक मनुष्य काही काळ बाजूस सरतो आणि त्याच्या देहाने एक पद, एक अधिकार गावासमोर उभा राहतो. पाळक झगा घालून वेदीपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या घरगुती ओळखीपेक्षा त्याचे पद पुढे येते. या उदाहरणावरून या कल्पनेचा काही अंश तरी आपल्याला समजू शकेल.

मुखवट्याची कामे

अशा मुखवट्यांकडे मुख्यतः तीन प्रकारची कामे असत. अडुमा आणि त्यांचे शेजारी यांच्यात तपशिलाचे भेद आहेत, आणि एका मुखवट्याकडे सर्व कामे असतातच असे नाही. परंतु कामांचे स्वरूप बरेचसे समान आहे.

पहिले काम शोकाचे. गावातील वजनदार पुरुष मरण पावला की म्वुदी बाहेर येतो. मनुष्य मेला म्हणजे तो लगेच पूर्वज झाला, असे तेथे मानीत नाहीत. काही काळ तो गावाच्या आसपास रेंगाळतो. तो असंतुष्ट राहिला तर आजार आणि दुर्दैव आणतो, अशी समजूत आहे. म्हणून त्याला रीतसर निरोप द्यावा लागतो. दफनाबरोबर शोक संपत नाही. विधवेने दागिने व साजशृंगार टाकावा, निर्बंध पाळून राहावे, आणि पुष्कळ महिन्यांनी, बहुधा वर्षाच्या सुमारास, शोक उतरवण्याचा समारंभ व्हावा, अशी रीत आहे. गॅबनमध्ये शोक उतरवण्याचा हा समारंभ आजही शहरांतून व खेड्यांतून होतो आणि त्यात ख्रिस्ती कुटुंबेही असतात. त्या दिवशी नृत्य आणि भोजन होते. विधवा पुन्हा सर्वांत मिसळते. मृत आपल्या ठिकाणी पोहोचला आणि जिवंतांनी आता आपल्या कामाला लागावे, असे त्या दिवशी सर्वांसमक्ष ठरते.

दुसरे काम दीक्षेचे. मुलगा केवळ वयाने पुरुष होत नाही. त्याला पुरुष केले जाते. गॅबनच्या दक्षिण व मध्य भागात 'म्विरी' नावाची पुरुषांची मंडळी पसरलेली आहे. मुलांना गावापासून दूर अरण्यात नेऊन, कष्ट सोसण्यास लावून, या मंडळीत घेतात. मनगटाजवळ कायमची खूण केली जाते. पुढे आयुष्यभर तो पुरुष त्या खुणेला स्पर्श करून शपथ घेतो. जे पाहिले आणि ऐकले ते बाहेर सांगावयाचे नाही, गावाच्या मालकीच्या वस्तूंची नासधूस करावयाची नाही, वडीलधाऱ्यांचा अवमान करावयाचा नाही, अशी शिस्त त्याच्या अंगी बाणवली जाते.

तिसरे काम न्यायाचे, आणि हेच सर्वांत भयंकर. अकाली मृत्यू आपोआप होत नाही, कोणीतरी चेटूक करून तो घडवला असला पाहिजे, ही समजूत या प्रदेशात खोल रुजलेली आहे. मग तो कोण, याचा शोध सुरू होतो. उत्तरेकडील फांग लोकांत 'न्गिल' नावाची मंडळी होती. तिचा लांबट, पांढरा, मोठ्या आकाराचा मुखवटा रात्री मशालींच्या उजेडात गावात येई, चेटूक करणाऱ्यास शोधी आणि शिक्षा करी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वसाहतीच्या सरकारने त्यावर बंदी घातली. गॅबनच्या अनेक भागांत आरोपीस विषारी मुळीचा अर्क पाजून दिव्य करण्यास लावीत; तो वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. अशा दिव्यांत किती निरपराध स्त्री-पुरुष बळी पडले असतील याची मोजदाद होणे शक्य नाही. मुखवट्याच्या सौंदर्याने मोहित झालेल्या लेखकांनी ही बाजू पुष्कळदा झाकली आहे. आपण ती झाकू नये.

मिशनकार्य आणि मुखवटा

गॅबनच्या किनाऱ्यावर प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ इ. स. १८४२ मध्ये झाला. अमेरिकन बोर्डाचे जॉन लेटन विल्सन यांनी गॅबनच्या खाडीजवळ बाराका येथे ठाणे वसवले. याच वर्षी याच बोर्डाच्या मराठी मिशनने अहमदनगर येथून 'ज्ञानोदय' सुरू केले, हे वाचकांना येथे आठवेल. एकाच संस्थेने एकाच वर्षी दोन दूरच्या भूमींत टाकलेली ही दोन पावले होत. बाराकाचे काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. रॉबर्ट हॅमिल नॅसॉ यांनी ते १८७० नंतरच्या काळात ओगोवे नदीवर नेले. १८९२ पासून ते पॅरिसच्या इव्हँजेलिकल मिशनकडे येऊ लागले. १९१३ मध्ये डॉ. आल्बर्ट श्वाइत्सर लांबारेने येथे आले ते याच मिशनच्या जागेवर. रोमन कॅथोलिक पक्षी पवित्र आत्म्याच्या संघाचे धर्मगुरू १८४४ मध्ये किनाऱ्यावर उतरले, आणि १८८० नंतरच्या दशकात नदीच्या वरच्या खोऱ्यात, अडुमांच्या मुलखात पोहोचले.

या बहुतेक मिशनरींनी मुखवटे, पूर्वजांच्या अस्थींच्या पेट्या आणि ताईत यांना एकाच वर्गात घातले. बाप्तिस्मा मागणाऱ्याने हे सर्व टाकावे, जाळावे किंवा मिशनच्या स्वाधीन करावे, अशी अट घातली जाई. चेटकाच्या भयाखाली जगणाऱ्या आणि दिव्याच्या प्याल्यापासून वाचलेल्या माणसाला ही अट म्हणजे मुक्तीच वाटली असेल. तिचे हे मोल आपण कमी लेखू नये. परंतु मुखवटा गेला म्हणून त्याची कामे संपली नाहीत. लोक मरत राहिले. विधवा रडत राहिल्या. मुले वयात येत राहिली. आजार आले की दोषी कोण, हा प्रश्न उठत राहिला. मंडळीने दफनविधी दिला, पण शोकाच्या लांब महिन्यांसाठी अनेक ठिकाणी फारसे काही दिले नाही. परिणामी पुष्कळ ख्रिस्ती माणसे दिवसा उपासनेस आणि रात्री जुन्या विधीस जाऊ लागली. उपदेशक त्यांना दुटप्पी म्हणत. त्यांच्यापैकी अनेकांना मात्र मंडळीच्या घरात आपल्या मृतांसाठी जागा मिळालेली नव्हती.

जे मुखवटे जाळले गेले नाहीत त्यांतील पुष्कळसे युरोपात गेले. ब्राझाच्या १८८३ ते १८८५ च्या काळातील मोहिमेत अडुमांचे मुखवटे पॅरिसला पोहोचले. पुढे चित्रकार व संग्राहक यांनी गॅबनच्या मुखवट्यांना कलावस्तूची किंमत दिली. मार्च २०२२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिये येथे एका न्गिल मुखवट्याची लिलावातील बोली ४२ लाख युरोंवर गेली. तो मुखवटा एका वृद्ध दांपत्याने जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास १५० युरोंना विकला होता. दांपत्याने दावा लावला. गॅबन सरकारनेही त्यात आपला हक्क मांडला. डिसेंबर २०२३ मध्ये अलेस येथील न्यायालयाने दोघांच्याही मागण्या फेटाळल्या. ज्या वस्तूस मिशनरीने 'राक्षसी' म्हटले, तिलाच बाजाराने 'अमूल्य' म्हटले. ती ज्यांच्या शोकाची आणि भयाची होती त्या लोकांना मात्र दोघांनीही विचारले नाही.

याला एक उजळ अपवाद आहे. आंद्रे रापोंदा-वॉकर (१८७१–१९६८) हे गॅबनचे पहिले देशी कॅथोलिक धर्मगुरू. त्यांचा गुरुदीक्षाविधी १८९९ मध्ये झाला. धर्मगुरूचे काम करीत असतानाच त्यांनी आपल्या देशातील भाषा, वनस्पती, म्हणी आणि विधी यांची आयुष्यभर नोंद केली. रॉजे सिलाँ यांच्यासह लिहिलेला, गॅबनमधील लोकांचे विधी व श्रद्धा या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासक त्याचा आधार घेतात. ज्या विधींचा ते स्वीकार करू शकत नव्हते, त्यांचीही माहिती त्यांनी काळजीपूर्वक जतन केली. आपण ज्यांना सुवार्ता सांगतो त्यांना आधी नीट ऐकून घ्यावे, याचा हा वस्तुपाठच होय.

पवित्र शास्त्राच्या प्रकाशात

मुखवट्याचा प्रश्न ख्रिस्ती ईश्वरविज्ञानास अगदीच परका नाही. नव्या करारात 'ढोंगी' या अर्थी आलेला ग्रीक शब्द मुळात रंगभूमीवरील नटाचा आहे, आणि त्या काळचा नट मुखवटा घालीत असे. मत्तय ६ मध्ये प्रभू ज्यांचा निषेध करतो ते लोकांनी पाहावे म्हणून दानधर्म, प्रार्थना व उपास करणारे आहेत. म्हणजे तो निषेध प्रथम धार्मिक माणसांवर येतो. आफ्रिकेच्या मुखवट्याविषयी बोलण्यापूर्वी हे वचन आपण स्वतःला लावून पाहावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्रैक्याच्या सिद्धांताची आहे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्यासंबंधी मंडळीने जे शब्द योजले त्यांपैकी ग्रीक 'प्रोसोपोन' याचा अर्थ चेहरा आणि मुखवटा असा दोन्ही होता. लॅटिन 'पर्सोना' हा शब्दही रंगभूमीवरील मुखवट्याचाच. एकच देव तीन वेळी तीन मुखवटे धारण करतो, असे तिसऱ्या शतकात साबेल्लियसच्या अनुयायांच्या नावावर असलेले मत होते. मंडळीने ते नाकारले. तिने शब्द ठेवला, पण मुखवट्याची कल्पना टाकून दिली. कारण ख्रिस्ताच्या मुखावर जे तेज दिसते ते देवाचेच असून त्यामागे दुसरा, निराळा देव लपलेला नाही, असा तिचा विश्वास होता (२ करिंथ ४:६). म्विरीच्या शपथेने बांधलेल्या किंवा न्गिलच्या भयाने थरथरणाऱ्या माणसाला सुवार्तेचा हा भाग विशेष जवळचा वाटेल. ज्या न्यायाधीशापुढे आपल्याला उभे राहावयाचे आहे त्याने आपला चेहरा झाकलेला नाही.

यशया २५:७-८ मध्ये संदेष्टा सर्व राष्ट्रांवर पसरलेल्या आच्छादनाविषयी बोलतो. प्रभू ते आच्छादन नाहीसे करील, मृत्यूला कायमचा गिळून टाकील आणि सर्वांच्या डोळ्यांतील अश्रू पुसील, असे तेथे वचन आहे. मृत्यू, झाकलेले मुख आणि शोक या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आल्या आहेत, आणि म्वुदीच्या अंगणातही त्याच तीन गोष्टी एकत्र येतात. म्हणून अडुमांच्या विधीत जो प्रश्न विचारला गेला आहे तो आमच्या शास्त्रालाही ठाऊक आहे, असे म्हणावयास हरकत नाही. उत्तर मात्र वेगळे आहे. तेथे मृताला शांत करण्याचा भार जिवंतांवर पडतो. येथे तो भार प्रभूने स्वतः उचलला आहे.

मग मुखवटा मंदिरात आणावा काय? १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या मिशनकार्यविषयक पत्रकानंतर आणि १९६९ मध्ये कंपाला येथे पोप सहावे पॉल यांनी आफ्रिकी ख्रिस्ती जीवनाला दिलेल्या उत्तेजनानंतर हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे. या बाबतीत १ करिंथ ८ ते १० हे अध्याय मार्गदर्शक ठरतील. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, असे पौल सांगतो; पण ज्याचा विवेक अजून दुर्बळ आहे त्याला ठोकर लागू नये म्हणून तो आपला हक्क सोडतो. पाहुण्यास जो मुखवटा सुंदर कलाकृती वाटतो तोच एखाद्या वृद्ध बाईला तिच्या बहिणीच्या दिव्याची रात्र आठवून देईल. निर्णय त्या बाईसह बसून व्हावा. दूरच्या परिषदेत होऊ नये. लिब्रव्हिल येथील न्केम्बो भागातील संत मायकेलच्या मंदिरात एक चांगला मार्ग दिसतो. तेथील ३१ लाकडी खांब झेफिरँ लेंदोन्यो या गॅबनी कारागिराने कोरले असून त्यांवर पवित्र शास्त्रातील प्रसंग आहेत. तेथे मुखवटा जसाच्या तसा आणलेला नाही; लाकडातून पूर्वजांशी बोलणारी देशी कोरीवकला मात्र मंदिरात आली आहे.

धर्मशिक्षकांसाठी

आपल्या क्षेत्रात अडुमांचे मुखवटे नाहीत. परंतु बाप्तिस्म्यापूर्वीचे विधी सोडून आलेली कुटुंबे आहेत, आणि सोडलेल्या विधींची मोकळी जागाही आहे. अशा कुटुंबास शिकवताना पुढील तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. हा विधी या लोकांसाठी कोणते काम करीत होता? त्या कामात कोणाला भय किंवा अन्याय सोसावा लागत होता? आणि विधी सोडल्यावर ते काम आता मंडळीत कोण करणार? पहिला प्रश्न न विचारल्यास आपण माणसांचा अवमान करतो. दुसरा टाळल्यास दुर्बळांचा घात होतो. तिसरा टाळल्यास नवा विश्वासी एकटा पडतो.

शोकाचेच उदाहरण घ्यावे. दफनाच्या दिवशी पाळक येतो, वचन वाचतो, प्रार्थना करतो. तिसऱ्या महिन्यात त्या घरी कोण जाते? वर्ष पूर्ण होताना विधवेने पुन्हा रंगीत लुगडे नेसावे, मंगलकार्यात पुढे बसावे, असे तिला मंडळीच्या वतीने कोण सांगते? सासरच्यांनी तिचे घर वा शेत बळकावण्याचा प्रयत्न केला तर तिच्या बाजूने कोण उभे राहते? गॅबनमध्येही विधवांना याच संकटास तोंड द्यावे लागते, आणि तेथील मुखवट्याने त्यांना त्यातून नेहमी सोडवले असे नाही. स्मरणाची उपासना अनेक मंडळ्यांत होते. तिला केवळ मृताची आठवण न ठेवता शोक उतरवण्याचेही स्वरूप देता येईल. इब्री १२:१ मधील साक्षीदारांच्या मेघाचे स्मरण करून, मृताला प्रभूच्या हाती सोपवल्याचे पुन्हा एकदा सर्वांसमक्ष सांगावे. आणि मग मंडळीतील वडील बायकांनी त्या बहिणीस हाताला धरून पंगतीत आपल्या शेजारी बसवावे. यासाठी नवा खर्च लागत नाही. वर्षभर तिची तारीख लक्षात ठेवणारा एक धर्मशिक्षक मात्र लागतो.